पक्षपाती साक्षीदार : हैदराबाद संग्रामातील बातम्यांची एक छाननी

औंढ्याच्या नागनाथासमोर उभे राहिले की इतिहासाच्या अभ्यासकाला पहिला धडा फुकट मिळतो. देवळाचा खालचा भाग कोरीव दगडाचा, हेमाडपंती घडणीचा. वरचे शिखर पांढरे, चुनेगच्ची, उघड उघड पुढल्या काळातले. दोन काळांतले दोन हात येथे लागले आहेत, हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही. पण असे का झाले, असे विचारले की परंपरा बोलू लागते : औरंगजेबाच्या काळी मोडतोड झाली, पुढे अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केला. आणि जवळच्या नरसीचे नामदेव मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही तिसरी गोष्ट भक्त सांगतात. डोळ्यांना दिसणारे, परंपरेने आलेले आणि भक्तीने सांगितलेले, अशा तिन्ही साक्षींना आमच्या मनात जागा आहे. मात्र तिघींची जागा एक नाही.

शांततेच्या काळी हा भेद पाळणे सोपे असते. युद्ध सुरू झाले की तो सर्वांत आधी सुटतो. मे 2025 मधला भारत-पाकिस्तान संघर्ष 7 तारखेपासून 10 तारखेपर्यंत चालला. तेवढ्यात आपल्याकडील काही दूरचित्रवाहिन्यांनी कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी छातीठोकपणे दिली. बंदर जागच्या जागी होते. पलीकडच्या बाजूनेही खोट्या चित्रफिती काही कमी फिरल्या नाहीत. तेव्हा शहाणी, हिशेबी माणसेही रात्र रात्र जागून जे ऐकावेसे वाटत होते तेच ऐकत बसली होती, हे आम्ही पाहिले. खोटे कशाला बोला, त्यांत आम्हीही होतो. ह्या मुलखातल्या माणसांवर असाच प्रसंग 1947-48 साली आला होता, आणि तो चार दिवसांचा नव्हे, वर्षाहून अधिक काळाचा होता. त्याकडे पाहिले तर पक्षाभिमानी माणसाची युद्धकाळातील साक्ष कशी जोखावी, ह्याचा काही अदमास लागतो.

त्या वेळी औंढा परभणी जिल्ह्यात होते. (हिंगोली हा वेगळा जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला.) परभणी हा निजामाच्या सोळा जिल्ह्यांपैकी एक, आणि उत्तरेला व पूर्वेला वऱ्हाडची सरहद्द जवळच. सरहद्दीपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसच्या सैनिकांचे कँप होते. अशा गावातल्या माणसाला बातमी कोठून मिळे? रेडिओ असलाच तर एखाद्या घरी. त्यावर निजाम सरकारचा, मुख्यतः उर्दूतून बोलणारा डेक्कन रेडिओ. तो 1935 पासून सरकारच्या ताब्यात होता. दुसरीकडे ऑल इंडिया रेडिओ. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा'सारख्या पत्रावर संस्थानात बंदी. सरहद्दीवरून चोरून येईल तो अंक एकाने वाचायचा आणि दहांनी ऐकायचा. बाकी सारा भरवसा बाजारावर, चावडीवर आणि गाव सोडून वऱ्हाडात निघालेल्या निर्वासितांच्या तोंडी निरोपांवर. ह्यांपैकी तटस्थ असा एकही नव्हता. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा न्याय दोन्ही नभोवाण्यांना सारखाच लागू होता.

आता सर्वांत मोठ्या आवाजाचे उदाहरण घेऊ. रझाकारांचे पुढारी कासिम रझवी हे मूळचे लातूरचे वकील, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात वाढलेले प्रकरण. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर असफजाही झेंडा फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, अशी त्यांची भाषणे 1948 च्या वसंतात गाजली. ही भाषणे सर्वांत अधिक कोणी पसरविली? रझाकारांनी तर पसरविलीच. परंतु त्यांच्याइतकीच हौसेने ती भारतातील वृत्तपत्रांनी छापली. शत्रूची वल्गना ही आपल्या बाजूला आयता पुरावा असते, म्हणून तिची छाननी दोघांपैकी कोणीच करीत नाही. 31 मार्चच्या एका भाषणाच्या मजकुराचा तर निजाम सरकारने इन्कारही केला. तो इन्कार भारतात कोणी मानला नाही. नेमके शब्द कोणते होते ह्यावर वाद घालता येईल. वल्गनेमागचे बळ मात्र पुढे उघडे पडले : हैदराबादच्या फौजेने पाच दिवसांत शस्त्र खाली ठेवले. तेव्हा वल्गना ही वक्त्याच्या हेतूची साक्ष असू शकते, त्याच्या सामर्थ्याची ती साक्ष नव्हे. हा भेद तेव्हा झाला नाही. संस्थानातल्या सामान्य मुसलमानाने ती वल्गना आधार म्हणून ऐकली आणि सामान्य हिंदूने धमकी म्हणून. दोघांनीही ती खरी धरली, आणि दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागली.

मात्र पक्षपाती माणूस बोलला म्हणजे ते खोटेच, असा उलटा निष्कर्ष काढणाराही तितकाच फसतो. कराचीहून रात्री विमानांनी हैदराबादेत शस्त्रे उतरविली जात आहेत, अशी ओरड भारताच्या बाजूने चालली होती. ऐकणाऱ्याला ती युद्धपूर्व कंडी वाटावी अशीच होती. पण ती खरी निघाली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक जुन्या लँकेस्ट्रियन विमानांतून बीदर आणि वरंगळच्या बाजूला शस्त्रे आणीत होता, आणि त्याबद्दल पुढे इंग्लंडात त्याला दंडही झाला. ही गोष्ट टिकली ती ओरड करणाऱ्याच्या सचोटीमुळे नव्हे. विमान, विमानतळ, वैमानिक, खटला ह्या तिच्यातल्या तपासण्याजोग्या गोष्टी होत्या, म्हणून ती टिकली. जिच्यात नाव, गाव, दिवस काहीच नाही अशी बातमी खोडता येत नाही, म्हणूनच ती बाळगण्याच्या लायकीची नसते.

शब्दांकडेही पाहावे लागते. 30 जानेवारी 1948 रोजी उमरीची बँक लुटली गेली. निजाम सरकारच्या लेखी तो दरोडा. स्टेट काँग्रेसच्या लेखी ती स्वातंत्र्ययुद्धातली मोहीम. घटना एकच, दिवस एकच, पैसाही तोच. सप्टेंबरात रणगाडे आणि विमाने घेऊन जी चढाई झाली तिला आपण 'पोलिस ॲक्शन' म्हणतो. तीच पॅरिसला सुरक्षा समितीपुढे हैदराबादच्या वकिलांनी आक्रमण म्हणून मांडली. आम्ही मुक्तिसंग्राम हाच शब्द वापरतो आणि पुढेही वापरू. पण तो वापरताना आपण एका बाजूला उभे आहोत एवढे भान असले म्हणजे पुरे. नामाला पक्ष असतो. क्रियापद पाहिले की घटना सापडते : पैसे नेले, सैन्य शिरले, माणूस मारला.

राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींना त्यांनी अशाच कडक कसाला लावले. पानिपतासंबंधी बखरी जे रंगवून सांगत होत्या, ते त्यांनी त्या त्या दिवशी लिहिलेल्या पत्रांशेजारी ठेवून पाहिले. पत्र लिहिणाराही पेशव्यांचाच नोकर होता, तोही पक्षपातीच. पण त्याला उद्या घोड्यांचे दाणे हवे होते. त्याने उगाच खोटे लिहिले असते तर त्याचेच घोडे उपाशी मरते. पक्षपाती माणसाचे व्याख्यान आणि पक्षपाती माणसाचा कामाचा कागद ह्यांत हे अंतर आहे. हैदराबादच्या बाबतीत मेनन (1956), मुन्शी (1957), लायक अली (1962) आणि स्वामी रामानंद तीर्थ (1967) ह्या चौघांची पुस्तके आपल्यापुढे आहेत. चौघेही खेळातले भिडू, प्रेक्षक कोणीच नव्हे. त्यांचा दोष कोणाचा ह्यावरचा वाद वाचताना आम्ही सावध असतो. पण 29 नोव्हेंबर 1947 चा जैसे-थे करार, 13 सप्टेंबरची चढाई, 17 सप्टेंबरचा युद्धविराम ह्यांवर परस्परांचे हे विरोधक एकमत आहेत, आणि तेथे आम्ही निर्धास्त पाऊल टाकतो.

ह्याहूनही वजनदार साक्ष एक असते. आपल्याच बाजूला जड जाईल असे जो बोलतो, त्याची. हैदराबादेतील 'इमरोज' ह्या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध आणि विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते. काही प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थांनी काढलेले विलीनीकरणाचे पत्रक त्यांनी छापले. 1948 च्या 21 ऑगस्टच्या रात्री घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. लिहिता हात तोडला गेला आणि त्यांचा प्राण गेला. रझाकारांच्या जुलमाबद्दल वऱ्हाडच्या कँपातून हजार पत्रके निघाली असतील. त्या हजारांपेक्षा हे एक उर्दू पत्र इतिहासाच्या तराजूत जड आहे. त्याला गप्प बसून सर्व काही मिळत होते आणि बोलून काहीच मिळणार नव्हते.

ते पाच दिवस आता थोडक्यात सांगतो. 13 सप्टेंबरला सोलापूरकडून नळदुर्ग, तुळजापूर. 14 ला औरंगाबाद. 15 ला जालना. 16 तारखेला हैदराबादचे शिष्टमंडळ पॅरिसमध्ये जगाकडे दाद मागत होते, आणि 17 ला भारतीय फौज हिंगोलीत होती. त्याच दिवशी लायक अलींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व निजामाने स्वतः डेक्कन रेडिओवरून युद्धविराम जाहीर केला. दुसऱ्या दिवशी जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल चौधुरींपुढे शरणागती पत्करली. ह्या दिवसांत औंढ्यातल्या माणसाला खरी बातमी हिंगोलीच्या रस्त्याने चालत येणारा देऊ शकत होता. तो अडाणी असेल, घाबरलेला असेल, पण त्याने मोटारी पाहिल्या होत्या. हैदराबादच्या आणि दिल्लीच्या ध्वनिक्षेपकामागे बसलेल्यांनी त्या पाहिलेल्या नव्हत्या.

येथपर्यंत आमचे श्रोते माना डोलावीत असतात, असा अनुभव आहे. कारण येथपर्यंत फसलेला पक्ष बहुधा दुसरा असतो. रझाकारांचे अत्याचार खरे होते. बीदर जिल्ह्यातले गोरटा, गुलबर्ग्याकडचे गंगापूर स्टेशन, आणि आमच्या भागातून वऱ्हाडात पळालेली कुटुंबे ही त्याची साक्ष आहे, आणि ती कोणाला पुसता यायची नाही. पण 17 सप्टेंबरनंतर काय झाले? ह्या प्रश्नावर आमच्या व्याख्यानमालांतून पुष्कळ वर्षे शांतता होती.

भारत सरकारनेच 1948 च्या अखेरीस एक समिती पाठविली. पंडित सुंदरलाल, म्हणजे ज्यांचा 'भारत में अंग्रेज़ी राज' हा ग्रंथ इंग्रजांनी जप्त केला तेच गृहस्थ, आणि त्यांच्याबरोबर काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर ते हिंडले. सोळांपैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. न पाहिलेल्या शंभराहून अधिक गावच्या सुमारे पाचशे माणसांच्याही जबान्या घेतल्या. चढाईच्या वेळी व नंतर संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज निघाला. मारले गेलेले बहुतेक मुसलमान. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ह्या चार जिल्ह्यांचा आकडा त्यांनी अठरा हजारांच्या खाली धरला नाही. नांदेड म्हणजे आमचा शेजारच. सरदार पटेलांनी अहवाल मान्य केला नाही, आणि तो कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

हा अहवाल आम्ही वरच्याच कसोट्यांना लावला. आकडा मोजलेला नाही, अंदाजलेला आहे. तो आम्ही तेवढाच धरतो. तीन आठवड्यांत नऊ जिल्हे म्हणजे घाईचे काम. पण अहवालात ठिकाणे आहेत, जबान्या आहेत. तो लिहिणारे सरकारचेच पाठविलेले होते आणि त्यांनी सरकारला नको ते लिहिले. शिवाय त्यांनी एकच रंग वापरलेला नाही. रझाकारांच्या आधीच्या जुलमाची नोंद त्यात आहे. सैन्याने जेथे मुसलमानांचे रक्षण केले त्याची आहे, जेथे लुटीत हात घातला त्याचीही आहे. आणि स्वतःच्या जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंची आहे. शोएबुल्ला खानांची साक्ष ज्या कारणाने आम्ही जड मानली, त्याच कारणाने ही मानावी लागते. एक घ्यायची आणि दुसरी टाळायची, असा तराजू वाण्यालाही ठेवता येत नाही.

ह्याने मुक्तिसंग्राम उणा होतो असे आम्हांस वाटत नाही. पुष्कळांना तसे वाटते, आणि त्यांच्याशी आमचे ह्या व्यासपीठावर भांडणही झालेले आहे.

कागद आता दिल्लीच्या पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालयात (पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात) वाचता येतो. आणखी एक साधन मात्र हातचे जात आहे. 1948 साली जी मुले दहा-बारा वर्षांची होती ती आज नव्वदीच्या घरात आहेत. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव ह्या टापूत अशी माणसे अजून ओसरीवर बसलेली दिसतात. त्यांना कोण चांगले, कोण वाईट असे विचारू नये. त्याचे उत्तर त्यांनी शंभरदा दिलेले असते आणि ते पाठ झालेले असते. त्या पावसाळ्यात तुमच्या घरी कोण लपले होते, आणि धान्य कोणी आणून दिले, एवढे विचारावे.