फेब्रुवारीत मोजलेला तालुका

महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे बरीच. पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठचे शिरूर, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद, तर बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगराळ भागात सिंदफणेच्या काठी वसलेले शिरूर कासार. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत राज्यातला रोजगार कुठे वाढला हे पाहायचे तर घोडनदीच्या शिरूर तालुक्यात जावे. तिथल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत घरगुती यंत्रांपासून मोटारींपर्यंत बरेच काही तयार होते. मराठवाड्यातली आयटीआय झालेली मुले तिथे चौघे-पाचजण मिळून खोली करून राहतात. शिरूर कासारला तशी कारखानदारी आली नाही आणि नदीला बारमाही पाणीही नाही. इथला सर्वांत मोठा हंगामी रोजगार तालुक्याबाहेर, शंभर ते चारशे किलोमीटर दूरच्या उसाच्या फडांत आहे.

म्हणूनच राज्याच्या रोजगाराची देशाशी तुलना करताना शिरूर कासार मध्ये आणावे लागते. 2001 च्या जनगणनेत देशातल्या शंभर माणसांपैकी 39.1 जण काम करणारे होते, महाराष्ट्रात 42.5. 2011 मध्ये हे आकडे 39.8 आणि 44 झाले. महाराष्ट्र देशाच्या पुढे आणि त्याची चालही थोडी जलद, असा याचा सरळ अर्थ. पण या सरासरीत शिरूर कासारचा माणूस नेमका कुठल्या रकान्यात आणि कुठल्या जिल्ह्यात बसला, याचा शोध घेतला की मोजणीचा इतिहास आणि तालुक्याचा इतिहास एकमेकांत गुंतलेले दिसतात.

हिंदुस्थानात सर्वत्र एकाच वेळी झालेली पहिली जनगणना 17 फेब्रुवारी 1881 ची. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानही त्या मोजणीत सामील झाले होते. त्यानंतर दर दहा वर्षांनी खानेसुमारी होत राहिली, तीही बहुतेक वेळा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चच्या पहिल्या दिवशी. त्या काळच्या बीडसाठी हा महिना चांगलाच होता. पाऊस नाही, रस्ते कोरडे, रब्बीची ज्वारी काढणीला आलेली, म्हणजे माणूस आपल्या शिवारात आणि रात्री आपल्या घरात. मोजणाऱ्याने दार वाजवले तर आतून उत्तर येणार, याची खात्री.

उसाने ही खात्री मोडली. भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. प्रवरा आणि नीरा यांच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, खासगी साखर कारखाने निघाले आणि नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतून तोडणीला माणसे जाऊ लागली. शिरूरचा मुलूख तेव्हा संस्थानाच्या हद्दीत, सरहद्दीपलीकडे होता. 1948 मध्ये हैदराबाद भारतात आले, 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. याच काळात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला उभा केलेला सहकारी कारखाना इतरांना वाट दाखवत होता. पश्चिम महाराष्ट्रात धुराडी वाढत गेली तशी कोयत्यांची, म्हणजे ऊसतोड मजुरांची, मागणीही वाढली. पाथर्डी, आष्टी, पाटोदा आणि त्याला लागून असलेला शिरूरचा भाग हे कोयत्यांचे माहेरघर बनले. शिरूर कासार हा वेगळा तालुका नंतर झाला, त्याआधी यातली बरीच गावे पाटोद्याच्या कारभारात होती.

आता दसरा झाला की गावे हलतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा भर. ज्या महिन्यात जनगणना होते, त्याच महिन्यात तालुक्यातली कमावती माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर नाहीतर कर्नाटकातल्या फडांवर असतात. नियम असा की मोजणीचा संपूर्ण काळ जो घराबाहेर राहिला, त्याला घरच्या यादीत धरायचे नाही. तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. 2001 आणि 2011 मध्ये ही मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. उसाच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहणारे जोडपे मोजले गेले असेल, तर कोपी ज्या जिल्ह्यात होती त्या जिल्ह्याच्या हिशेबात. त्यांचा घाम तर तिकडे पडलाच, आकड्यातली जागाही तिकडेच गेली.

दुसरा गुंता महिन्यांचा. 1961 च्या जनगणनेने काम करणाऱ्याची व्याख्या सैल ठेवली होती, 1971 मध्ये ती आवळली. घरकाम ज्यांचे मुख्य मानले गेले त्या शेतात राबणाऱ्या असंख्य बायका त्यामुळे यादीतून गळाल्या आणि देशभर स्त्री-कामगारांचा आकडा एकदम खाली आला. मग 1981 पासून दोन रकाने झाले. वर्षातले सहा महिने किंवा अधिक काम असेल तो मुख्य कामगार, त्याहून कमी असेल तो सीमांतिक. ऊसतोडीचा हंगाम साधारण चार ते सहा महिन्यांचा, म्हणजे नेमका या रेषेवर पाय ठेवून उभा. कारखाना लांबला तर माणूस मुख्य, पाऊस हुकून ऊस कमी झाला तर तोच सीमांतिक. घरची दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असली तर धंदा विचारल्यावर तो शेती सांगतो, आणि नोंद शेतकरी म्हणून होते. 2001 ते 2011 या दशकात देशात सुमारे आठ कोटी कामगार वाढले. त्यातले सुमारे तीन कोटी सीमांतिक होते. हे तीन कोटी वजा करून वाचले नाही, तर रोजगारवाढीची कुठलीही तुलना अर्धवट राहते.

याची जाण तज्ज्ञांना फार आधी आली होती. नियोजन आयोगाने बेरोजगारीच्या मोजणीवर नेमलेल्या एम. एल. दांतवाला समितीने 1970 मध्ये सांगितले की भारतात बेकारीचा एकच आकडा काढणे चुकीचे आहे, कारण इथला शेतमजूर पूर्ण बेकार नसतो आणि पूर्ण कामावरही नसतो. वर्षभराची स्थिती, आठवड्याची स्थिती आणि दिवसांची स्थिती अशी वेगवेगळी मोजणी त्यातून पुढे आली. या विचारावर आधारलेली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची पहिली मोठी रोजगार पाहणी ऑक्टोबर 1972 ते सप्टेंबर 1973 या काळात झाली.

मराठवाड्यातल्या कुणालाही हे वर्ष समजावून सांगावे लागत नाही. बहात्तरचा दुष्काळ!

देश आपल्या बेकारीची पद्धतशीर मोजणी शिकत होता, तेव्हा बीडच्या माळावर माणसे खडी फोडत होती. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख मजूर होते. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, मुलांना वाटलेली सुकडी, पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते. त्या पिढीतल्या माणसाशी बोलायला बसले की आजही हेच शब्द निघतात. या कामांमागे एक कल्पना आधीपासून आकार घेत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगाराच्या हमीचा प्रयोग करून पाहिला होता. 1972 मध्ये राज्यभर योजना आली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैशासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेले रुपये बांधावरच्या हजेरीपर्यंत पोहोचवणारी अशी व्यवस्था देशात तेव्हा दुसऱ्या कुठल्याही राज्यात नव्हती. केंद्राचा रोजगार हमी कायदा व्हायला 2005 उजाडले. रोजगाराच्या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता असे म्हणायचे, तर त्याचा खरा पुरावा कारखान्यांच्या यादीपेक्षा या कायद्यात आहे.

हमीच्या कामावर आणखी एक गोष्ट घडली आणि तिचे मोल फार मोठे आहे. हजेरीपटावर बाईचे नाव स्वतंत्र लिहिले गेले. तिची हजेरी, तिचे माप, तिची मजुरी. उसाच्या फडात हे होत नाही. तिथे मोजणीचे एकक माणूस नसून कोयता आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, पूर्वी हजारांत आणि आता लाखाच्या घरात. नवरा-बायको दोघे तोडतात, ती पाचट सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, पहाटे उठून भाकरी करते. हिशेबात मात्र ती कोयत्याचा अर्धा भाग असते. एक दिवस आजारी पडली तर खाडा दोघांच्या नावावर लागतो. कारखान्याच्या पगारपत्रकावर दोघांपैकी कुणीच नसते, कारण करार मुकादमाशी. त्यामुळे राज्याच्या औद्योगिक रोजगाराच्या आकडेवारीत साखर उद्योग दिसतो, त्याचा पहिला आणि सर्वांत कष्टाचा हात दिसत नाही.

हा हात मोठ्या संख्येने मोजला गेला तो एका भयंकर कारणाने. बीडमधल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात असल्याच्या बातम्यांनंतर 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. रोजगाराच्या कुठल्याही तक्त्यात या बायका इतक्या स्पष्ट कधी दिसल्या नव्हत्या.

राज्याच्या सरासरीशी तुलना करण्याची सवय मराठवाड्याला जुनी आहे. 1953 च्या नागपूर करारातच नोकऱ्यांच्या वाट्याची भाषा होती आणि घटनेच्या कलम 371(2) मध्ये ती आली. 1974 चे मराठवाडा विकास आंदोलन वसमतहून पेटले, त्याच्या मुळाशीही नोकऱ्यांचा प्रश्न होता. वि. म. दांडेकरांच्या समितीने 1984 मध्ये प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे याचा हिशेब मांडला आणि अनुशेष हा शब्द घराघरात गेला. एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपयांचा, त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे 751 कोटी. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशी क्षेत्रे त्यात होती. रोजगार हे वेगळे क्षेत्र नव्हते. रस्ता आणि पाणी आले की काम मागोमाग येईल, असे तेव्हा गृहीत धरले गेले असावे.

पाण्याचे काय झाले हे सिंदफणेच्या काठाने खाली गेले की कळते. शिरूरवरून वाहणारी ही नदी पुढे माजलगावला अडवली आहे. त्या धरणाच्या लाभक्षेत्रात ऊस आला, कारखाने आले. नदी वर ज्यांच्या शिवारातून जाते ती माणसे मात्र दुसऱ्यांच्या पाण्यावरचा ऊस तोडायला जातात. अहिल्यानगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या रेल्वेला 1995 मध्ये मंजुरी मिळाली. बीडपर्यंत गाडी धावली ती 17 सप्टेंबर 2025 ला. शिरूर तालुक्यातल्या रायमोह्याला आता स्थानक आहे. या तीस वर्षांत एका पिढीचे शिक्षण, लग्न आणि पहिली उचल, सगळे होऊन गेले.

तुलनेची साधनेही आता बदलत आहेत. 2017 पासून सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात 2023-24 चा बेरोजगारीचा दर देशात 3.2 टक्के आणि महाराष्ट्रात 3.3 टक्के आला, म्हणजे जवळपास सारखाच. उचल घेतलेला माणूस बेरोजगार नसतो, तो बांधलेला असतो. हा दर त्यामुळे शिरूरबद्दल फारसे सांगू शकत नाही. मजुरीचा दर अधिक सांगतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, तीही संपाच्या इशाऱ्यानंतर आणि पुढच्या तीन वर्षांसाठी. जानेवारी 2025 पासून या सर्वेक्षणाचे नमुने जिल्हा हा आधार धरून निवडले जातात आणि आकडे महिन्याला येतात. बीडचा ऑक्टोबर आणि बीडचा मे यांतला फरक कधीतरी कागदावर यावा, अशी आशा त्यामुळे धरता येते.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 हा संदर्भ दिवस धरून होणार आहे. घरोघरची मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, पुन्हा गाळपाच्या भरात. या वेळी एक नवी गोष्ट हाताशी आहे. राज्य सरकारने 2021 मध्ये ऊसतोड कामगारांची गावातच नोंद करून ग्रामसेवकामार्फत ओळखपत्र द्यायचे ठरवले. ही नोंद मूळ गावी होते आणि ओळखपत्र कोयत्याला मिळत नाही, माणसाला मिळते. दसऱ्याआधी रायमोह्यात, तिंतरवणीत, शिरूरच्या वाड्यावस्त्यांवर ती पुरी झाली, बायकांची नावे वेगळी लिहिली गेली आणि ती यादी जनगणनेच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली, तर कोणत्या कारखान्यावर कोणत्या गावच्या माणसांना शोधायचे हे फेब्रुवारीपूर्वीच कळेल. त्यासाठी तहसील कार्यालय, साखर आयुक्तालय आणि जनगणना कार्यालय यांना 2026 च्या दसऱ्याआधीच एकत्र बसावे लागेल.