पेशीकेंद्रकातील डी.एन.ए.ची बांधणी आणि जनुक-नियमन : एका संकल्पनेचा इतिहास व महाराष्ट्रातील संशोधन

प्रस्तावना

एका मानवी पेशीतील सर्व डी.एन.ए. सरळ रेषेत मांडला तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते. पेशीकेंद्रकाचा व्यास मात्र सहसा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. एवढा लांब धागा एवढ्या लहान जागेत मावतो कसा, हा प्रश्न दीर्घकाळ केवळ जागेचा मानला गेला. या बांधणीतूनच जनुकांच्या कार्याचे नियमन होते, ही जाणीव सावकाश रुजली. या विचारपरिवर्तनाचा, तसेच नवी मुंबईत करावे गावापासून काही किलोमीटर अंतरावरील खारघर येथे आणि पुण्यात झालेल्या संशोधनाचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

आवरणापासून नियंत्रकापर्यंत

१८६९ मध्ये फ्रीड्रिख मीशर यांनी पू-पेशींच्या केंद्रकांतून ‘न्यूक्लीन’ वेगळे केले. पुढे वाल्थर फ्लेमिंग यांनी केंद्रकातील सहज रंगणाऱ्या द्रव्यास ‘क्रोमॅटिन’ हे नाव दिले आणि १८८४ मध्ये आल्ब्रेख्त कॉसेल यांनी हिस्टोन प्रथिनांचे वर्णन केले. १९२८ मध्ये एमिल हाइट्स यांनी घट्ट व सैल क्रोमॅटिन असा भेद दाखविला. १९३० मध्ये हर्मन मलर यांना फळमाशीत असे आढळले की, जनुक गुणसूत्रावरील घट्ट भागाजवळ सरकले की तेच जनुक काही पेशींत मूक होते. जनुक जसेच्या तसे राहूनही केवळ स्थान बदलल्याने परिणाम बदलतो, याचा हा ठळक पुरावा होता.

तथापि, हे घडते कसे याचा उलगडा होत नव्हता. १९६४ मध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री व सहकाऱ्यांनी हिस्टोनवरील अॅसिटिल गटांचा संबंध जनुकांच्या सक्रियतेशी जोडला. १९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी बांधणीचे मूळ एकक मांडले. त्यानुसार चार प्रकारच्या हिस्टोनांचे प्रत्येकी दोन, असे आठ रेणू मिळून गाभा होतो व त्याभोवती डी.एन.ए. गुंडाळला जातो. या एककास न्यूक्लिओसोम म्हणतात. त्याच्या गाभ्याभोवती १४६ बेस-जोड्या सुमारे पावणेदोन वेढ्यांत बसतात, हे १९९७ मधील स्फटिकरचनेने स्पष्ट केले. तत्पूर्वी, १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने दाखविले की हिस्टोनवर अॅसिटिल गट जोडणारे विकर हे यीस्टमधील जनुके सक्रिय करणाऱ्या एका ज्ञात प्रथिनाशी जुळते. त्यामुळे बांधणी आणि नियमन या दोन गोष्टी वेगळ्या मानणे अशक्य झाले.

परळ ते खारघर

मुंबईत परळ येथे १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक होत. ही परंपरा २००२ मध्ये खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘अॅक्ट्रेक’ या संस्थेत स्थिरावली. तेथे संजय गुप्ता यांच्या प्रयोगशाळेने हिस्टोनांचा कर्करोगाच्या संदर्भात अभ्यास केला. उंदरांच्या यकृतात रसायनाने कर्करोग उद्भवविला असता एच-२-ए हिस्टोनच्या एका उपप्रकाराचे प्रमाण वाढते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. म्हणजे गाभ्यातील एका घटकाच्या जागी जवळजवळ तसाच दुसरा घटक आला, तरी पेशीची वाटचाल बदलू शकते.

पुण्यातील शोध

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या गटाने बांधणीच्या वरच्या पातळीकडे, म्हणजे क्रोमॅटिनच्या वळशांकडे लक्ष दिले. ‘सॅटबी-१’ हे प्रथिन डी.एन.ए.चे दूरस्थ भाग एकत्र आणते. त्यावर फॉस्फेट गट जोडला गेला की ते जनुके दडपणाऱ्या विकराशी जुळते. तो नसता उत्तेजक विकराशी जुळते. २००६ मध्ये मांडलेल्या या निष्कर्षामुळे एकच प्रथिन कळ फिरविल्याप्रमाणे दोन्ही कामे करते, हे उघड झाले.

समारोप

या इतिहासाचे महत्त्व रोगोपचारात आहे. उत्परिवर्तनात डी.एन.ए.चा क्रमच बदलतो आणि तो पूर्ववत करणे अवघड असते. बांधणीवरील रासायनिक खुणा मात्र विकरे जोडतात आणि विकरेच काढतात. म्हणून त्या पालटता येण्याची शक्यता उरते. २००६ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका लसिकार्बुदासाठी मान्य झालेले व्होरिनोस्टॅट हे औषध याच तत्त्वावर चालते. परंतु अशी औषधे एखाद्याच जनुकावर नव्हे, तर पेशीतील असंख्य ठिकाणी परिणाम करतात. त्यामुळे नेमकी कोणती खूण वा कोणता हिस्टोन-प्रकार कोणत्या रोगात निर्णायक ठरतो, याचा शोध घेणे अपरिहार्य आहे. खारघर व पुणे येथील कार्याचे मोल याच शोधात आहे. हिस्टोन म्हणजे निव्वळ वेष्टन, ही जुनी समजूत अध्यापनातूनही मागे पडावयास हवी. कारण तीत जनुके कशी गप्प बसतात आणि कर्करोगात पुन्हा कशी बोलू लागतात, या प्रश्नाला जागाच उरत नाही.