थुरिया (शिडाची नौका)

थुरिया ही गोव्यात बांधलेली ३२ फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका होती. भारतीय नौदलातील अधिकारी कमांडर अभिलाष टोमी यांनी २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या स्पर्धेत ती वापरली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलथली, तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टोमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. २४ सप्टेंबर रोजी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या मत्स्यरक्षण जहाजाने त्यांची सुटका केली. थंड समुद्रात एकट्या माणसाने जिवंत राहणे हा जागतिक चित्रपटांचा आवडता विषय आहे. भारताशी, विशेषतः गोवा व मुंबई यांच्याशी, निगडित अशी या प्रकारची ही ठळक घटना आहे.

नावाचा अर्थ

‘थुरिया’ हे नाव ‘तुरीय’ या संस्कृत शब्दाशी निगडित आहे. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्थांच्या पलीकडील चौथ्या अवस्थेला उपनिषदांत ‘तुरीय’ म्हटले आहे. मराठी संतवाङ्मयात ती ‘तुर्या’ या नावाने येते.

पार्श्वभूमी

१९६८ साली ‘संडे टाइम्स’ या ब्रिटिश वृत्तपत्राने एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा जाहीर केली. नऊ जणांनी प्रस्थान ठेवले. त्यांपैकी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे एकटेच ती पूर्ण करू शकले. ३१२ दिवसांच्या प्रवासानंतर २२ एप्रिल १९६९ रोजी ते इंग्लंडमधील फालमथ बंदरात परतले. त्यांची ‘सुहैली’ ही ३२ फुटी नौका मुंबईत, सागवानी लाकडात बांधलेली होती. व्यापारी जहाजांवर नोकरी करीत असताना त्यांनी ती येथील सुतारांकडून बांधून घेतली होती.

भारतात अशा प्रवासाची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांनी मांडली. १९७१ च्या युद्धातील कामगिरीबद्दल वीरचक्राने सन्मानित झालेले आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील फलटणजवळ विंचुर्णी येथे राहत. त्यांच्या पुढाकारातून नौदलाचा ‘सागर परिक्रमा’ हा उपक्रम उभा राहिला. त्यासाठी गोव्यातील दिवाडी बेटावरील ॲक्वेरियस या नौकाबांधणी कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी ५६ फूट लांबीची ‘म्हादेई’ ही नौका बांधली. तिला मांडवी नदीचे म्हादेई हे नाव देण्यात आले.

कमांडर दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’तून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली. चार बंदरांत थांबे घेत १९ मे २०१० रोजी ते मुंबईस परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांच्या मोहिमेत किनाऱ्यावरील साहाय्यकाचे काम अभिलाष टोमी यांनी केले होते. पुढे टोमी यांनी त्याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघून कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. या कामगिरीबद्दल त्यांना कीर्तिचक्र प्रदान करण्यात आले.

बांधणी आणि स्पर्धेचे नियम

पहिल्या स्पर्धेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१८ साली ती पुन्हा भरविण्यात आली. १९६८ सालच्या दर्यावर्दींना उपलब्ध असलेल्या साधनांनिशीच प्रवास करावा, हा या स्पर्धेचा मुख्य नियम होता. नौका ३२ ते ३६ फूट लांबीची आणि जुन्या आराखड्याची असणे आवश्यक होते. दिशा व स्थान ठरविण्यासाठी सेक्स्टंट, होकायंत्र आणि कागदी नकाशे यांचाच आधार घ्यावयाचा होता. जीपीएस यंत्र केवळ आणीबाणीत वापरण्याची मुभा होती. मात्र प्रत्येक नौकेवर तिचे स्थान आयोजकांना कळविणारे आणि छोटे संदेश पाठविणारे यंत्र बसविलेले होते. तसेच आपत्कालीन संदेशक, म्हणजे संकटकाळी उपग्रहामार्फत बचाव केंद्रांना स्थान कळविणारे उपकरण, प्रत्येकाजवळ होते.

टोमी यांनी ‘सुहैली’च्याच आराखड्याची प्रतिकृती निवडली. ‘थुरिया’ ही प्रतिकृती रत्नाकर दांडेकर यांच्या दिवाडी येथील कारखान्यात तयार झाली. अशा रीतीने मुंबईत बांधलेल्या मूळ नौकेची प्रतिकृती अर्धशतकानंतर गोव्यात बांधली गेली.

दुर्घटना

१ जुलै २०१८ रोजी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ले साब्ल-दोलोन येथून स्पर्धेस प्रारंभ झाला. आफ्रिका खंडाला वळसा घालून ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरात आली, तेव्हा टोमी तिसऱ्या क्रमांकावर होते. चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपासचा हा पट्टा ‘गर्जणारे चाळीस’ म्हणून ओळखला जातो. येथे पश्चिमी वाऱ्यांना अडविणारी भूमी जवळजवळ नसल्यामुळे लाटा प्रचंड उंची गाठतात.

२१ सप्टेंबरच्या वादळात वाऱ्याचा वेग सत्तर नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटरपर्यंत पोहोचला आणि लाटांची उंची १४ मीटरच्या घरात गेली. लाटांच्या तडाख्यात ‘थुरिया’ उलथली. नौकेच्या जड कण्यामुळे ती पुन्हा सरळ झाली. परंतु दोन्ही डोलकाठ्या मोडल्या. या उलथापालथीत उंचावरून खाली पडल्याने टोमी यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. नौका उलथली असून पाठीस गंभीर दुखापत झाल्याने आपण उठू शकत नाही, असा संदेश त्यांनी आयोजकांना पाठविला. त्यानंतर ते नौकेच्या आतील भागात खिळून राहिले.

याच वादळात आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन यांच्या नौकेच्याही डोलकाठ्या मोडल्या. नेदरलँड्सचे मार्क स्लॅट्स यांची नौका आडवी झाली, परंतु ते पुढे जाऊ शकले.

शोध व सुटका

अपघाताचे ठिकाण ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैल, म्हणजे जवळपास ३,५०० किलोमीटर अंतरावर होते. मुंबई–जळगाव हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ४२० किलोमीटर आहे. त्याच्या आठपटींहून हे अंतर अधिक भरते. इतक्या दूरवर हेलिकॉप्टर थेट किनाऱ्यावरून पोहोचू शकत नाही.

बचावकार्याचे सूत्रसंचालन ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील सागरी बचाव केंद्राने केले. भारतीय नौदलाच्या पी-८आय या टेहळणी विमानाने मॉरिशसहून उड्डाण करून मोडक्या डोलकाठ्यांसह हेलकावणारी ‘थुरिया’ हेरली. नौदलाने ‘आयएनएस सातपुडा’ ही युद्धनौका आणि ‘आयएनएस ज्योती’ हे इंधनवाहू जहाज अपघातस्थळाकडे वळविले. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाची ‘बॅलरॅट’ ही युद्धनौकाही निघाली. खानदेशच्या उत्तर सीमेवरील सातपुडा पर्वतावरून ‘आयएनएस सातपुडा’चे नाव ठेवण्यात आले आहे.

सर्वांत जवळचे जहाज फ्रान्सचे ‘ओसिरिस’ होते. २४ सप्टेंबर रोजी त्यावरील पथक छोट्या रबरी होडीतून ‘थुरिया’पर्यंत पोहोचले आणि टोमी यांना स्ट्रेचरवरून जहाजावर नेण्यात आले. दरम्यान मॅकगकिन यांनी मोडक्या सामग्रीतून कामचलाऊ डोलकाठी उभारली होती आणि ते स्वतः संकटात असूनही टोमी यांच्या दिशेने निघाले होते. टोमी यांच्यानंतर ‘ओसिरिस’ने त्यांनाही घेतले. दोघांना फ्रान्सच्या ताब्यातील ॲमस्टरडॅम बेटावर आणण्यात आले. तेथून ‘आयएनएस सातपुडा’ने टोमी यांना ६ ऑक्टोबर रोजी विशाखापट्टणम येथे पोहोचविले. पुढे त्यांच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली. ‘थुरिया’ महासागरातच सोडून द्यावी लागली.

थंड पाण्याचा शरीरावरील परिणाम

‘थुरिया’ बुडाली नाही, ही टोमी यांच्या बचावातील निर्णायक बाब होती. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. म्हणून खानदेशात हिवाळ्यातील पहाटे आठ अंश तापमानात माणूस घोंगडी पांघरून शेतात राखण करू शकतो. परंतु तितक्याच तापमानाच्या पाण्यात त्याचे आयुष्य काही तासांवर येते.

अतिशीत पाण्यात पडल्यावर शरीरावर साधारणतः तीन टप्प्यांत परिणाम होतात. पहिल्या एक-दोन मिनिटांत धाप लागून श्वासावरील ताबा सुटतो. या वेळी नाकातोंडात पाणी गेल्याने अनेकांचा मृत्यू होतो. पुढील दहा ते तीस मिनिटांत हातापायांचे स्नायू बधिर होतात आणि पोहता येणाऱ्यालाही पोहता येत नाही. त्यानंतर शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊन शुद्ध हरपू लागते. यामुळेच नौका तरंगत असेपर्यंत ती सोडू नये, असा दर्यावर्दींमध्ये संकेत आहे.

चित्रपटांतील चित्रण

या विषयावरील चित्रपटांत ‘द डीप’ (२०१२) हा आइसलँडचा चित्रपट विशेष उल्लेखनीय मानला जातो. त्याचे दिग्दर्शक बाल्टासार कोर्माकुर असून ओलाफुर दारी ओलाफसन यांनी प्रमुख भूमिका केली आहे. चित्रपटाचा आधार सत्य घटना आहे. ११ मार्च १९८४ रोजी वेस्टमन बेटांजवळ समुद्रतळाशी जाळे अडकल्याने एक मासेमारी नौका उलटली. पाच खलाशांपैकी केवळ गुदलाउगुर फ्रिदथोर्सन वाचले. पाच-सहा अंश तापमानाच्या पाण्यात सुमारे सहा तास पोहून ते किनाऱ्यास लागले आणि लाव्हारसाच्या अणकुचीदार खडकांवरून अनवाणी चालत वस्तीपर्यंत पोहोचले. पुढे लंडनमधील संशोधकांनी त्यांची तपासणी केली. त्वचेखालील मेदाचा असामान्य जाड थर हे त्यांच्या बचावाचे एक प्रमुख कारण असल्याचे दिसून आले. चित्रपटात पोहणारा माणूस समुद्रपक्ष्यांशी बोलत राहतो. सुटकेनंतरचा भागही तपशिलाने येतो. त्यात वैज्ञानिकांचे प्रयोग, प्रसिद्धी आणि मृत सोबत्यांच्या घरी जाण्याचे प्रसंग आहेत.

‘ऑल इज लॉस्ट’ (२०१३) या जे. सी. चँडोर दिग्दर्शित चित्रपटाचे कथानक हिंदी महासागरातच घडते. वाहून आलेल्या मालवाहू कंटेनरची धडक बसून एका वृद्ध दर्यावर्दीची नौका फुटते. रॉबर्ट रेडफोर्ड हे त्यातील एकमेव कलावंत असून चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीत. भोक बुजविणे, पाणी उपसणे, सेक्स्टंट शिकणे या कृतींतूनच कथा पुढे सरकते. मोठी जहाजे जवळून जातात, परंतु तराफ्यावरील माणूस त्यांच्या दृष्टीस पडत नाही.

‘अड्रिफ्ट’ (२०१८) हाही कोर्माकुर यांचाच चित्रपट आहे. १९८३ साली प्रशांत महासागरातील चक्रीवादळानंतर टॅमी ओल्डहॅम यांनी मोडकी नौका ४१ दिवसांत हवाई बेटांपर्यंत नेली, त्या घटनेवर तो आधारित आहे. वादळात मरण पावलेला जोडीदार चित्रपटात बराच काळ जिवंत दाखविला आहे आणि तो नायिकेच्या मनातील आभास असल्याचे अखेरीस उलगडते. ‘द मर्सी’ (२०१८) या जेम्स मार्श यांच्या चित्रपटाचा संबंध थेट १९६८ च्या गोल्डन ग्लोब स्पर्धेशी आहे. त्या स्पर्धेत स्वतःचे खोटे स्थान कळवीत राहिलेल्या आणि अखेर समुद्रातच नाहीशा झालेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची भूमिका कॉलिन फर्थ यांनी केली आहे. याच विषयावर ‘डीप वॉटर’ (२००६) हा अनुबोधपटही आहे.

या चित्रपटांची आणि ‘थुरिया’च्या घटनेची तुलना केल्यास एक ठळक भेद दिसतो. चित्रपटांत कॅमेरा संकटग्रस्त माणसाजवळ राहतो. त्यामुळे जगणे हे प्रामुख्याने त्याच्या शारीरिक शक्तीचे आणि इच्छाशक्तीचे फळ ठरते. पक्षी, आभास किंवा आठवणी हेच त्याचे सोबती असतात. टोमी यांच्या बाबतीत उलट घडले. पाठ जायबंदी झाल्याने ते पोहू किंवा नौका हाकू शकत नव्हते. नौकेची मजबुती, त्यांनी पाठविलेले संदेश, स्थान कळविणारी यंत्रे, विमानातील टेहळणी आणि अनेक देशांच्या जहाजांनी बदललेले मार्ग या साखळीवर त्यांचे जगणे अवलंबून होते. ‘द डीप’मधील खलाशाकडे अशी साखळी नव्हती. त्यांची नौका बुडाल्याची वार्ता किनाऱ्यावर पोहोचली, ती त्यांनी स्वतः एका घराचे दार ठोठावल्यानंतरच.

नंतरचा काळ

२०१८ च्या स्पर्धेत केवळ पाच जण प्रवास पूर्ण करू शकले. फ्रान्सचे ७३ वर्षीय झाँ-ल्यूक व्हान डेन हीड विजयी झाले. भारतीय सागर परिक्रमेचे प्रवर्तक आवटी यांचे टोमी यांच्या सुटकेनंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर २०१८ मध्ये विंचुर्णी येथे निधन झाले.

टोमी २०२१ साली नौदलातून निवृत्त झाले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी ते ‘बयानात’ या नौकेतून पुन्हा याच स्पर्धेत उतरले. त्या स्पर्धेत फिनलंडचे टापिओ लेहटिनेन यांची नौका दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेस काही मिनिटांत बुडाली. तराफ्यावर सुमारे एक दिवस काढल्यानंतर दक्षिण आफ्रिकेच्या सहस्पर्धक कर्स्टन नॉयशेफर यांनी त्यांना आपल्या नौकेवर घेतले आणि तेथून ते एका मालवाहू जहाजावर गेले. नॉयशेफर यांनी पुढे ही स्पर्धा जिंकली. २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांच्या प्रवासानंतर, टोमी दुसऱ्या क्रमांकाने ले साब्ल-दोलोन येथे पोहोचले. या स्पर्धेत पहिल्या तिघांत येणारे ते पहिले भारतीय ठरले.