कनवटीचा पैसा

आमच्या घरी एक जुना कसा आहे. कसा म्हणजे जाड कापडाची लांबट, अरुंद पिशवी. तिच्यात रुपये एकापुढे एक भरायचे, तोंड आवळायचे आणि ती धोतराच्या आत कंबरेला बांधायची. पणजोबा काशीला गेले तेव्हा तो बांधून गेले होते, असे आजी सांगत असे. चालताना खुळखुळाट होऊ नये म्हणून रुपयांच्या मधूनमधून चिंध्या कोंबायच्या, हीही तिचीच माहिती. परवा मुलगी स्पेनच्या प्रवासाला निघाली, तेव्हा तिच्या सामानात नायलॉनचा एक पातळ पट्टा दिसला. आत पारपत्र आणि दोन कार्डे. कपड्यांच्या आत कंबरेला बांधायचा! मला हसू आले. वस्तू तीच, जागा तीच आणि भीतीही तीच. मधल्या काळात बदलले ते एवढेच, की चोरी झाल्यावर नुकसान कुणाच्या माथी बसायचे. ती हकीकत मोठी रंजक आहे.

जुन्या काळी ह्या प्रश्नाला एकच उत्तर होते. ज्याचा पैसा गेला, तो बुडाला. कधी कधी पैशाबरोबर प्राणही जात. ठगांच्या गोष्टी आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेल्या आहेत. कर्नल स्लीमनने 1830 नंतर त्यांच्यामागे ससेमिरा लावला आणि 1836 साली त्यांच्यासाठी खास कायदाही झाला. इंग्रजांनी ठगांचे चित्र बरेच फुगवून रंगवले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, आणि त्यात तथ्य असावे. पण त्या हकीकतींतला एक बारकावा विसरण्यासारखा नाही. ठग अंधारातून धावून येत नसे. तो वाटेत भेटे, गोड बोले, 'रस्ता वाईट आहे, आपण मिळून जाऊ' असा सल्ला देई. चोरांपासून सावध राहा असे चोरानेच सांगावे, ही युक्ती तेव्हा जितकी चालत होती, तितकीच आजही चालते. 'तुमच्या कार्डाचा गैरवापर होतो आहे, लवकर आकडा सांगा' असा फोन करणारा आणखी काय करतो?

आपल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांचे उदाहरण घ्या. घरावरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणा मिळवायला ते चुलत्यांबरोबर उत्तरेला निघाले, ते नेमके 1857 च्या धामधुमीत. झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले. मिळवावे आणि गमवावे, असा तो सारा प्रवास. त्यांचे 'माझा प्रवास' 1907 साली छापून निघाले. ते वाचताना लढायांच्या वर्णनापेक्षा मला ह्या गरीब भिक्षुकाच्या कनवटीचीच काळजी जास्त लागते. आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड तेवढी सुखरूप घरी पोचली.

पण पैसा कनवटीला न बांधताही तो परगावी मिळावा, अशी सोय आपल्या देशात फार पूर्वीपासून होती. ती म्हणजे हुंडी. नरसी मेहतांची कथा आपल्याकडे महिपतींच्या 'भक्तविजया'मुळे घरोघर गेली. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत लुटारूंची भीती वाटते. जवळचे सातशे रुपये कुणा सावकाराकडे भरून त्यांना द्वारकेवरची हुंडी हवी असते. जुनागडचे टवाळ लोक त्यांना निष्कांचन नरसींकडे पाठवतात, आणि नरसी शामळशा शेटच्या नावे हुंडी लिहून देतात. पुढे भगवंतच शेट होऊन पैसे मोजतात. कीर्तनकार इथे भक्तीचा महिमा सांगतात, तो योग्यच आहे. पण इतिहासाच्या वाचकाला ह्या कथेत दुसरेही काही दिसेल. यात्रेला निघालेल्या साध्या माणसालाही हुंडी ठाऊक होती. इतकी, की ती श्रोत्यांना समजावून सांगावी लागत नसे.

हुंडीची रचना पाहिली म्हणजे आपल्या सावकारांच्या बुद्धीचे कौतुक वाटते. रक्कम एकदा लिहून भागत नसे. रुपये शंभर, त्याचे निमे पन्नास, त्याची दुप्पट पुरे शंभर, अशी ती फिरवून फिरवून लिहीत. शंभराचे कुणी हजार करू म्हटले, तर पन्नासाचे काय करणार? शिवाय हुंडी लिहून देणारी पेढी परगावच्या पेढीला वेगळ्या पत्राने कळवी, की अमुक रकमेची हुंडी केली आहे. कागद एका वाटेने आणि त्याची वर्दी दुसऱ्या वाटेने. दोन्ही जुळल्याशिवाय थैली सुटत नसे.

त्यातही शहाजोग हुंडी ही खरी गंमत. तिचे पैसे कुणाही उपऱ्याला मिळत नसत. बाजारातल्या एखाद्या नामांकित शहाच्या, म्हणजे पतवान व्यापाऱ्याच्या, हातूनच ती पटे. चोराने कागद चोरला तरी त्याला असा शहा कुठून मिळणार? आणि मिळालाच, व हुंडी चोरीची निघाली, तर त्या शहाला पैसे व्याजासह परत करावे लागत. 'शहाजोग' हा शब्द आज आपण साळसूदपणाचा आव आणणाऱ्या माणसाला लावतो, तेव्हा त्यामागे केवढी पत उभी होती ह्याची आठवण कुणाला असते? हुंडी वाटेत हरवली तर पहिल्या पेढीकडून तिची पेठ, म्हणजे दुसरी प्रत, मिळे. तीही हरवली तर परपेठ. यात्रेकरूला ह्या साऱ्या व्यवस्थेसाठी हुंडणावळ मोजावी लागे, पण रात्री धर्मशाळेत झोप लागे.

युरोपातल्या प्रवाशांसाठीही अशा सोयी निघाल्या. 1772 साली लंडनमधल्या रॉबर्ट हेरिस ह्या पेढीवाल्याने युरोपातल्या अनेक शहरांत वटतील अशा चिठ्ठ्या काढल्या. पुढे अशा फिरत्या चिठ्ठ्यांबरोबर एक ओळखपत्र देण्याची पद्धत रुळली. त्यावर प्रवाशाच्या सहीचा नमुना असे. चिठ्ठ्या एका ठिकाणी आणि ओळखपत्र दुसऱ्या ठिकाणी ठेवा, असे प्रवाशाला बजावून सांगत. आपल्या सावकारांची वर्दी ती हीच! 1891 साली अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीच्या मार्सेलस बेरीने हे दोन कागद एकावर आणले. प्रवासी धनादेशावर विकत घेताना एक सही करायची आणि वटवताना अधिकाऱ्यासमोर दुसरी. दोन्ही जुळल्या तर पैसे. धनादेश चोरीला गेला, तर आकडा कळवताच कंपनी भरपाई देई. नुकसान प्रवाशाच्या माथ्यावरून उतरून कंपनीच्या माथी गेले ते असे.

ह्या मानाने क्रेडिट कार्डाचा आरंभ मोठा भाबडा. 1950 साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, तेव्हा ते चक्क पुठ्ठ्याचे होते. 1958 साली बँक ऑफ अमेरिकेने तर कमालच केली. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो गावात सुमारे साठ हजार लोकांना, कुणी मागितलेले नसताना, टपालाने कार्डे धाडली. चोरांची दिवाळीच! बँकेला मोठा फटका बसला. 1970 साली अमेरिकेने कायदा करून न मागता कार्ड पाठवण्यास बंदी केली, आणि चोरीला गेलेल्या कार्डापायी धन्याने जास्तीत जास्त पन्नास डॉलर सोसावेत, असेही ठरवले.

कार्डावरच्या चुंबकीय पट्टीची कथा घरगुती आहे. आयबीएम कंपनीतल्या फॉरेस्ट पॅरी ह्या अभियंत्याला प्लॅस्टिकवर ती पट्टी काही केल्या चिकटवता येईना. बायको इस्त्री करीत होती. ती म्हणाली, इस्त्रीने चिकटवून पाहू. चिकटली! पण ह्या पट्टीत एक वैगुण्य होते. तिच्यावरचा मजकूर नेहमी तोच, म्हणून कुणाही लबाडाने दुकानात वा यंत्रात तो उतरवून घ्यावा आणि दुसरे कार्ड बनवावे. चिपचे तसे नाही. ती प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत तयार करते, आणि कालचा संकेत आज चालत नाही.

भारतात डायनर्सचे कार्ड 1961 साली काली मोदींनी आणले. बँकेचे कार्ड सेंट्रल बँकेने 1980 साली काढले. 2017 साली रिझर्व्ह बँकेने ठरवले, की बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे उकळले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याला एक पैसाही सोसावा लागू नये. मात्र त्याने आपणच गुप्त आकडा कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. 2020 च्या नियमांनी नव्या कार्डाचा परदेशातला वापर मुळात बंद ठेवला; निघताना आपण तो उघडायचा आणि परतल्यावर मिटायचा.

नियम झाले, तरी माणसे ती माणसेच. आमचे मेहुणे रोमला बसमध्ये चढले आणि उतरताना खिसा हलका. तिन्ही कार्डे एकाच पाकिटात! बँकेचा दूरध्वनी कुठे लिहिला होता, विचाराल तर कार्डाच्या पाठीवर. तो शोधण्यात दोन तास गेले, आणि तेवढ्यात चोराने जोड्यांच्या दुकानात दोनदा खरेदी उरकली. वन्संच्या पर्समध्ये निराळ्या खात्याचे एक कार्ड होते, म्हणून रात्रीचे जेवण झाले. वन्संनी ते अजून ऐकवायचे सोडलेले नाही.

मुलगी निघण्याच्या आदल्या रात्री मी तिला ही कथा पुन्हा सांगितली. ती म्हणाली, 'बाबा, एक कार्ड पट्ट्यात आणि दुसरे पेटीत ठेवते.' मग बँकेचा क्रमांक आणि दोन्ही कार्डांचे शेवटचे चार-चार आकडे एका कागदावर लिहून तिने माझ्या हातात दिले. तो कागद मी पणजोबांच्या कशात घालून ठेवला. आत बोट घातले तर दोन चिंध्या हाताला लागल्या.