रतनपूरचा सापळा

सय्यदबंधूंची सत्ता, मराठ्यांचे दक्षिणेतील चौथाईचे हक्क आणि पुढे सव्वादोनशे वर्षे टिकलेले निजामाचे राज्य, या तिन्ही गोष्टींचे भवितव्य खानदेश सुभ्याच्या उत्तर वेशीवर एका दिवसात ठरले. तो दिवस १९ जून १७२०. जळगाव-धुळ्याच्या श्रोत्यांना बऱ्हाणपूर आज परप्रांतातले वाटते. परंतु त्या काळी खानदेश सुभ्याची राजधानी तीच होती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

दिल्लीत त्या वेळी बादशहा महंमदशहा तख्तावर होता. सत्ता मात्र अब्दुल्ला खान व हुसेन अली खान या सय्यदबंधूंच्या हाती होती. दक्षिणेचे सहा सुभे हुसेन अलीच्या नावे असून त्याचा तरुण पुतण्या आलम अली खान औरंगाबादेस नायब म्हणून कारभार पाहत होता. सय्यदांच्याच साह्याने बाळाजी विश्वनाथाने १७१९ साली या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या होत्या. माळव्याचा सुभेदार निजामुल्मुल्क हा सय्यदांचा प्रबळ प्रतिस्पर्धी. आपल्याला उखडण्याचा बेत शिजत आहे हे ओळखून त्याने मे १७२० मध्ये नर्मदा ओलांडली.

अशीरगडासारखा बुलंद किल्ला त्याने तोफ न डागता घेतला. किल्ल्यावरील शिबंदीचा पगार थकला होता. तो चुकता करताच दरवाजे उघडले! पाठोपाठ बऱ्हाणपूरही हाती आले. सय्यदांचा भाऊ सैफुद्दीन अली खान याचा कबिला तेव्हा त्या शहरात होता. निजामाने त्यांच्या जडजवाहिराला हात न लावता सोबत पहारा देऊन त्यांना नर्मदेकडे सुखरूप पोचविले. शत्रूच्या मुलाबाळांशी असे वागणारा हा पुरुष रणांगणावर मात्र किती निष्ठुर हिशेब करीत असे, ते लवकरच दिसणार होते.

सय्यदांचा डाव साधा व भक्कम होता. उत्तरेकडून दिलावर अली खानाने यावे, दक्षिणेकडून आलम अलीने फर्दापूर घाटाच्या वाटेने यावे, आणि निजामास मध्ये चिरडावे. दोन्ही फौजा एकत्र झाल्या असत्या, तर निजामाचा निभाव लागणे कठीण होते. म्हणून दोघांची गाठ पडण्यापूर्वीच एकाला गाठणे, हाच त्याला मार्ग उरला. दिलावर जवळ आला होता. त्याच्यासोबत कोट्याचा राजा भीमसिंह, नरवरचा राजा गजसिंह आणि भोपाळचा दोस्त महंमद खान होते.

बऱ्हाणपूर आणि नर्मदा यांच्या दरम्यान, रतनपूरजवळ, नाल्यांनी चिरलेली व झुडपांनी भरलेली जमीन आहे. निजामाने तोफा तेथे दडविल्या आणि थोडी फौज पुढे धाडली. लढत लढत ही फौज मागे हटू लागली. शत्रू पळत आहे असे पाहून दिलावरचे वीर बेभानपणे पाठलागास लागले आणि थेट त्या अरुंद जागेत शिरले. दोन्ही बाजूंनी तोफा-बंदुकांचा एकच भडका उडाला. दिलावर गोळी लागून ठार झाला. दोस्त महंमद निघून गेला. परंतु भीमसिंह व गजसिंह यांनी पाठ दाखविली नाही. दोघेही तेथेच पडले.

दबा धरून केलेल्या लढाईचे मर्म येथे दिसते. सापळा लावणाऱ्यास शत्रूचे बळ मोडावे लागत नाही. त्याचा उतावीळपणा वापरावा लागतो. दिलावरने थोडा धीर धरला असता, आलम अलीची वाट पाहिली असती, तर कदाचित निजामशाही इतिहासात दिसलीच नसती.

पुढील घटना वेगाने घडल्या. भर पावसाळ्यात पूर्णेला पूर आला असता निजाम वऱ्हाडाच्या बाजूस उतार शोधून पलीकडे गेला. ऑगस्टमध्ये बाळापूरच्या लढाईत आलम अली मारला गेला. त्याच्या बाजूने लढलेले शंकराजी मल्हार जखमी होऊन शत्रूच्या हाती पडले. ऑक्टोबरमध्ये हुसेन अलीचा खून झाला आणि नोव्हेंबरात अब्दुल्लाचा पराभव. सहा महिन्यांत सय्यदांचा खेळ आटोपला!

मराठ्यांचा दिल्लीतील आधार अशा रीतीने तुटला. त्याच वर्षीच्या एप्रिलात बाळाजी विश्वनाथ निवर्तला होता आणि विशीतला बाजीराव पेशवा झाला होता. त्याच्या वाट्यास सनदांचे कागद आले, पण ते मान्य न करणारा शेजारीही आला. १७२८ साली पालखेडला बाजीरावाने या शेजाऱ्याला त्याच्या अवजड तोफांपासून दूर ओढून कोंडीत पकडले. ज्या तोफांनी रतनपूर जिंकले, त्या सोबत नसताना निजाम काय करतो, हे त्याने अचूक हेरले होते.

खानदेशाला मात्र दीर्घकाळ थांबावे लागले. १७५२च्या भालकीच्या तहाने त्याचा मोठा भाग मराठ्यांकडे आला, आणि अशीरगड व बऱ्हाणपूर तर १७६०च्या उदगीरच्या विजयानंतर मिळाले. एका दिवसात गमावलेली बाजू सावरण्यास चाळीस वर्षे लागली. रणांगणात पळणारा शत्रू दिसला म्हणजे तो कोठे पळत आहे, एवढे पाहण्याचे भान ज्याला राहते, त्याच्याच हाती असल्या भूमीची राखण सुरक्षित असते.