आधी तारीख, मग शून्यं

महागाईच्या नोटांच्या या सफरीत पहिला मुक्काम १९२३ चं बर्लिन नको. तिथे जायची सगळ्यांनाच घाई असते, कारण नोटांनी भरलेली हातगाडी ढकलणाऱ्या माणसाचा फोटो कुठल्या ना कुठल्या पुस्तकात प्रत्येकाने पाहिलेला असतो. तुम्ही दोन वर्षं आधी उतरा. साल १९२१, गाव बीलेफेल्ड, जर्मनीतलं जुनं कापडगाव. शहराच्या बचत बँकेच्या खिडकीपाशी उभे राहा आणि पुढच्या गृहस्थाच्या हातात काय आहे ते पाहा. आहे नोटच, पण कागदाची नाही, रेशमाची. बोटाखालून सुळकन निसटते.

हा गृहस्थ ती खर्च करणार नाही. त्याच्या घरी आल्बम आहे. महायुद्धात नाणी बाजारातून नाहीशी झाली, तेव्हा सुट्ट्यांची अडचण भागवायला जर्मनीत गावोगावच्या नगरपालिकांनी स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांना म्हणायचे नोटगेल्ड, म्हणजे अडीनडीचा पैसा. मग नगरपालिकांच्या ध्यानात आलं की लोक या नोटा मोडायला परत आणतच नाहीत, जपून ठेवतात. परत न येणारी नोट म्हणजे काढणाऱ्याला निव्वळ नफा. लगेच चित्रं रंगीत झाली, मालिका निघू लागल्या, हामेलिनने आपला उंदीर नेणारा बासरीवाला नोटांवर चढवला. १९२२ साली सरकारने या धंद्याला चाप लावला. बाजारात वापरायच्याच नसलेल्या नोटा रांगेत उभं राहून विकत घेणारा तो गृहस्थ आपल्यासारख्या संग्राहकांचाच भाऊबंद. उसने देऊन कधीच परत न मागणारा माणूस कुठल्या बँकेला नको असतो?

आता चला बर्लिनला. नोव्हेंबर १९२३. खिशात अमेरिकी डॉलरची एक नोट असू द्या, पण ती बाहेर काढू नका.

या वर्षीच्या जानेवारीत फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूरच्या खाणपट्ट्यात घुसल्या. सरकारने तिथल्या कामगारांना काम बंद ठेवायला सांगितलं आणि घरबसल्या पगार द्यायचं कबूल केलं. पैसा होता कुठे? छापला. जानेवारीत एका डॉलरला सरासरी अठरा हजार मार्क पडत होते, जुलैत साडेतीन लाख, ऑगस्टमध्ये शेहेचाळीस लाख. ऑक्टोबरमध्ये अडीच हजार कोटी. कारखान्याच्या फाटकाशी बायका उभ्या आहेत. नवरा दिवसाची मजुरी आणून हातात देतो आणि बाई धावत सुटते. डॉलरचा नवा भाव लागायच्या आत पाव, बटाटे, जे मिळेल ते घरात यायला हवं. तुम्हीही तिच्यामागे रांगेत घुसा. पावाची किंमत विचारा: वीस हजार कोटी मार्क.

तुम्हाला मोड म्हणून मिळालेली एक नोट जवळून पाहा. छापलेली किंमत हजार मार्क. तारीख १५ डिसेंबर १९२२. त्यावर लाल शाईत नवी किंमत ठोकलेली: एक मिलियार्ड, म्हणजे शंभर कोटी. छापून तयार झालेली नोट हजाराची म्हणून बाजारात धाडण्यात काही अर्थच उरला नाही, म्हणून ती नव्या किमतीचा शिक्का मारून बाहेर काढली. संग्रहातली ही नोट फार महागही नसते. पण आकडे आणि तारीख एकत्र वाचले तर काही महिन्यांत काय झालं ते तिच्या एकाच बाजूवर लिहिलेलं आहे. मागची बाजू पाहायची गरज नाही, आणि त्या वर्षीच्या कित्येक नोटांना तर मागची बाजूच नाही. घाई इतकी की एकाच बाजूने छापून गठ्ठे बांधले.

राइशबँकेचा, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचा, प्रमुख रुडॉल्फ हाफेनस्टाइन. त्याला भेटायची सोय असती तर मी तुम्हाला तिथे तासभर बसवलं असतं. तीसेक कागद गिरण्या आणि शंभरावर खासगी छापखाने त्याच्यासाठी राबत होते, आणि या माणसाला खरोखर वाटत होतं की देशाची अडचण नोटांच्या टंचाईची आहे. ऑगस्टमध्ये त्याने अभिमानाने सांगितलं की लवकरच चलनात असलेल्या एकूण नोटांच्या दोन तृतीयांश नोटा आम्ही एका दिवसात काढू शकू. वेडा नव्हता, लबाडही नव्हता. प्रामाणिक, कष्टाळू अधिकारी होता आणि बहुतेक म्हणूनच कुणी त्याला थांबवलं नाही. २० नोव्हेंबरला तो वारला. त्याच दिवशी मार्क डॉलरला चार लाख वीस हजार कोटींवर स्थिरावला. पाच दिवस आधीच रेंटेनमार्क नावाचं नवं चलन आलं होतं. जुन्या मार्काची बारा शून्यं पुसली आणि भाव पुन्हा युद्धापूर्वीच्या ४.२ वर आला.

डॉलर अजून खिशातच आहे ना? बर्लिनच्या हॉटेलांत या शरद ऋतूत परदेशी पाहुण्यांची गर्दी आहे. तुमच्यासारखेच. घड्याळं, कॅमेरे, पियानो, जे कुणी विकायला काढलंय ते उचलणारे. त्यांच्याकडे शहरातली माणसं कशा नजरेने पाहतात ते दोन मिनिटं बघून घ्या, मग पुढे निघा.

बुडापेस्ट, जुलै १९४६. इथे थोडं थांबावं लागेल.

शहराचे पूल नाझींनी माघार घेताना उडवले आहेत. हंगेरी युद्धात हरली आहे आणि तीस कोटी डॉलरची भरपाई डोक्यावर आहे, त्यातला मोठा वाटा सोव्हिएत युनियनचा. किमती दर पंधरा तासांनी दुप्पट होतात. सकाळी सहाला विचारलेला भाव रात्री नऊला दुप्पट झालेला असतो, आणि इतका चढा वेग जगात कुठेही, त्याआधी किंवा नंतर, नोंदवला गेलेला नाही. बाजारात एक शेतकरीण डुकराची चरबी घेऊन बसली आहे. तिच्यापुढे पेंगोची, म्हणजे इथल्या चलनाची, नोट धरा. ती नोटेकडे बघणारही नाही. तिच्या बाजूला चादरी, टेबलक्लॉथ, एक कोट असा ढीग आहे, चरबीच्या बदल्यात आलेला. कारखान्यांतही पगारात पीठ आणि चरबी मिळते म्हणून माणसं कामावर टिकून आहेत.

मग ही नोट तुम्हीच नीट पाहा. डोक्याला रुमाल बांधलेली बाई, मागे संसदेची इमारत. किंमत अक्षरांत: दहा कोटी बी-पेंगो. नुसता पेंगो संपला तेव्हा दहा लाख पेंगोचा एक मिलपेंगो केला, तो संपला तेव्हा बी-पेंगो. चित्र तेच ठेवलं, रंग बदलला आणि नाव बदललं. एका बी-पेंगोत एकावर बारा शून्यं. लहानपणी एकं, दहं, शतं म्हणत आपण महापद्म, शंकू, जलधी करत परार्धापाशी येऊन दम घ्यायचो. ही नोट हजार परार्धांची आहे. तिच्याहून दहापट मोठीही छापून तयार होती, पण ती बाजारात आली नाही. बाजारात आलेली जगातली सर्वांत मोठी नोट हीच, आणि गंमत म्हणजे शून्यं मोजायची हौस असलेल्याची ती निराशाच करते. तारीख मात्र आहे: ३ जून १९४६. महिन्याभराने ती बाहेर पडली आणि १ ऑगस्टला फोरिंट हे नवं चलन आलं. एका फोरिंटला चारावर एकोणतीस शून्यं इतके पेंगो. चलनातले सगळे पेंगो गोळा केले असते तर एक अमेरिकी सेंटही हातात आला नसता. तुमच्या खिशातल्या डॉलरला सगळे पेंगो विकत मिळाले असते, वर मोड.

पण संग्रहासाठी मी तुम्हाला ही नोट सुचवणार नाही. सात महिने मागे या, डिसेंबर १९४५. सरकारने फर्मान काढलं आहे की हजार पेंगोची नोट चालवायची असेल तर तिच्यावर तिकीट चिकटवा आणि तिकिटाची किंमत तीन हजार पेंगो. रात्रीत लोकांचा तीन चतुर्थांश पैसा गेला. तिकीट कोपऱ्यात चिकटवलेली, डिंकाने थोडी सुरकुतलेली ती नोट विक्रेत्यांच्या पेटीत खालच्या थरात सापडते. कोऱ्या करकरीत नोटेच्या मागे असलेले संग्राहक ती उचलत नाहीत. ते तिकीट कुणीतरी विकत घेऊन, चाटून, दाबून चिकटवलं आहे. तो डाग कुठल्याही प्रतवारीत गुण मिळवत नाही आणि मला वाटतं प्रतवारीचंच तिथे चुकतं.

बेलग्रेड झटकन. जानेवारी १९९४, निर्बंध, युद्ध, महिन्याला एकतीस कोटी टक्के महागाई. पन्नास हजार कोटी दिनारांच्या नोटेवर योवान योवानोविच झ्माय हा कवी आहे, मुलांच्या कविता लिहिणारा. बिचारा. २४ जानेवारीला द्रागोस्लाव अव्रामोविच या म्हाताऱ्या अर्थतज्ज्ञाने नवा दिनार जर्मन मार्काशी एकास एक बांधला आणि खेळ थांबला. पुढे चला.

झिम्बाब्वेची राजधानी हरारे, नोव्हेंबर २००८. पहाटेपासून बँकेबाहेर रांग. दिवसाला किती काढता येतील याची मर्यादा ठरलेली आहे आणि ती इतकी कमी की घरून बँकेपर्यंतच्या कोम्बीचं, म्हणजे मिनीबसचं, येण्याजाण्याचं भाडंही त्यातून सुटत नाही. दुकानांची फळ्या-कपाटं रिकामी. गेल्या वर्षी सरकारने भाव सक्तीने उतरवले तेव्हा माल संपला, तो परत आला नाही. ज्यांना जमतं ते बाइटब्रिजची सीमा ओलांडून दक्षिण आफ्रिकेतून मक्याचं पीठ, तेल, साबण आणतात. शाळांत शिक्षक नाहीत. उन्हाळ्याबरोबर कॉलरा पसरतो आहे. २००० पासून जमिनी हिसकावल्या, शेती बसली, करांचं उत्पन्न आटलं आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर गिडियन गोनो यांनी ती सगळी भोकं नोटांनी बुजवली. या महिन्यात भाव साधारण चोवीस तासांत दुप्पट होताहेत. १९८० साली, देश स्वतंत्र झाला तेव्हा, इथला डॉलर अमेरिकी डॉलरहून महाग होता, हे रांगेतल्या आजोबांना विचारा. त्यांना आठवतं.

इथल्या आधीच्या नोटांना नोटही म्हणत नाहीत. बेअरर चेक. त्यावर छापलेलं असतं की अमुक तारखेपर्यंत किंवा त्याआधी धारकाला इतके डॉलर देऊ. हे पुन्हा वाचा. नोटेला मुदत आहे, औषधाच्या बाटलीसारखी. महागाईचा पैसा म्हणजे काय हे इतक्या सरळपणे दुसऱ्या कुठल्या सरकारने कबूल केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ती तारीखही कित्येकदा वाढवावी लागली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १६ जानेवारी २००९ ला शंभर ट्रिलियनची नोट निघाली. जलधी. समोर हरारेजवळच्या एपवर्थचे एकावर एक तोललेले खडक, मागे रेडा आणि व्हिक्टोरिया धबधबा. २९ जानेवारीला सरकारने परकी चलनं मोकळी केली, २ फेब्रुवारीला बारा शून्यं काढली. म्हणजे शंभर ट्रिलियन म्हणून ती अडीच आठवडे जगली. बरोबर या अडीच आठवड्यांवर आज जगभरात मोठा बाजार चालतो. तिची सोनेरी प्लास्टिकची नक्कलही मिळते, तिला हात लावू नका. त्याच साली गोनोंना गणिताचं इग नोबेल मिळालं: एक सेंटपासून शंभर ट्रिलियनपर्यंतच्या नोटा छापून लोकांना रोजच्या वापरात मोठे आकडे शिकवल्याबद्दल. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने खिडकी उघडून उरलेल्या नोटा गोळा केल्या. दर असा की या नोटेला चाळीस अमेरिकी सेंट. बाहेर संग्राहक कितीतरी पट देत होते. ज्यांच्याकडे गठ्ठे होते त्यांनी ते आधीच फेकले किंवा पेटवले होते.

शेवटचा मुक्काम २०११ च्या सुमारास, व्हिक्टोरिया फॉल्स. देशात मुख्यतः अमेरिकी डॉलर चालतो, पण त्याची नाणी आलेलीच नाहीत. दुकानदार सुट्ट्यांऐवजी गोळ्या, काड्यापेटी, पेन देतात. डॉलरच्या नोटा इतक्या मळल्या आहेत की बायका त्या धुऊन दोरीवर वाळत घालतात. धबधब्याकडच्या रस्त्यावर एक पोरगा तुम्हाला गाठतो. हातात पंख्यासारखा पसरलेला शंभर ट्रिलियनचा गठ्ठा, कोरा. त्याचा भाव आहे, तुम्ही घासाघीस करता, तो थोडा उतरतो. तुम्ही त्याला पाचाची नोट देता.

‘सुट्टे नाहीत, मुकोमा,’ तो म्हणतो. मुकोमा म्हणजे दादा. खिसे चाचपतो, पिशवीत हात घालतो आणि घड्या पडून मऊ झालेला, कडेला फाटलेला एक बेअरर चेक बाहेर काढतो. ‘हा घ्या. याला तसं कुणी घेत नाही.’

मुदत वाचा: ३१ डिसेंबर २००८. घ्या पटकन, तो विचार बदलायच्या आत.