आळसाचा शिक्का
1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी या 14 वर्षांच्या मुलाविषयी लिहिले. तो हुशार होता, गणित त्याला जमे. पण साधे शब्द वाचताना, लिहिताना तो अडे. वाचन न जमणे म्हणजे मंदबुद्धी किंवा आळस नव्हे, हे या नोंदीने दाखवले. 1925 मध्ये अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी हा प्रश्न हाती घेतला. पुढे ॲना गिलिंगहॅम यांनी ध्वनी, अक्षर आणि हाताची हालचाल यांची सांगड घालणारी अध्यापनपद्धती घडवली. निदानाबरोबर शिकवणेही बदलावे लागते, हाच या इतिहासाचा धडा.

मराठी उच्चाराप्रमाणे लिहितात, मग इथे वाचनाची ही अडचण कशी, असा आक्षेप येतो. पण पहिली वेलांटी व्यंजनाआधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. शिवाय जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ आहेतच. भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा अडचणींना, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, मान्यता दिली. अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलत म्हणून दिलेला जादा वेळ हा इतरांवर अन्याय आहे, असेही म्हटले जाते. मात्र इतिहासाच्या पेपरात इतिहासाची समज तपासायची असते, लेखनाचा वेग नव्हे. तरीही दहावीतली सवलत पुरेशी नाही. पहिली-दुसरीतच अडचण ओळखून शिकवायला हवे.